फोनला न सांगितलेलं वय

शाळेतली संगणकाची लॅब सांभाळणाऱ्या माणसाकडे गेल्या पाच-सहा वर्षांत एक जादा काम आलं आहे, आणि ते कुठल्याच वेळापत्रकात नाही. पालकसभा संपली की काही पालक मागे रेंगाळतात, फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘मॅडम, याला जरा लॉक घालून द्या.’ मागणी नेहमी बंदीच्या भाषेत येते. रात्री दहानंतर नेट जावं, गेम टाकता येऊ नये, यूट्यूबवर ‘तसलं’ काही दिसू नये. आणि सेटिंग उघडलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: हा फोन मूल वापरतं याची फोनला गंधवार्ताही नसते. गूगल अकाउंट वडिलांचं, सिम आईच्या नावावर, जन्मसाल १९८१, आणि यूट्यूबच्या हिस्टरीत कार्टूनला खेटून कांद्याचे बाजारभाव आणि गुडघेदुखीवरचे उपाय. कुलूप कुणासाठी घालायचं तेच त्या यंत्राला ठाऊक नाही. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. पेरेंटल कंट्रोल या शब्दातला ‘कंट्रोल’ आपली दिशाभूल करतो. रोखणं ही नंतरची गोष्ट झाली. त्याआधी ओळख करून द्यायची असते: समोर बसलेली व्यक्ती नऊ वर्षांची आहे, हे फोनला खरंखरं सांगायचं असतं. ते सांगितलं की निम्मी कुलपं आपसूक लागतात. ते टाळलं तर बाकीची कुलपं दाराऐवजी भिंतीला लावल्यासारखी होतात.

मूल फोनच्या नजरेतून निसटतं कसं, याचं उत्तर आपल्या घरांच्या रीतीत आहे. ही साधनं ज्या घरासाठी बेतली गेली त्या घरात प्रत्येक मुलाचा स्वतःचा टॅब किंवा फोन असतो. आपल्याकडे फोन घराचा असतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आईच्या नंबरवर आणि ऑनलाइन तास वडिलांच्या फोनवर भरला. पुढे शाळा उघडल्या, पण मुलाच्या हातातला फोन काही परत गेला नाही. दुसरी रीत जुन्या हँडसेटची. वडिलांनी नवा घेतला की जुना पोराकडे येतो. फोटो पुसले जातात, बँकेचं अ‍ॅप काढलं जातं, अकाउंट मात्र तेच राहतं, कारण ते काढलं तर प्ले स्टोअर चालत नाही एवढं सगळ्यांना माहीत असतं. सिमचं तर नियमानेच ठरलेलं आहे: १८ वर्षांखालच्या व्यक्तीला सिमकार्ड मिळत नाही, म्हणजे मुलाच्या फोनमधलं सिम कुणातरी मोठ्याच्या नावावरच असणार. ‘प्रथम’च्या ‘असर’ २०२४ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची आकडेवारी आहे. ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया वापरला होता. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं मात्र चौदाव्या वर्षी २७ टक्के आणि सोळाव्या वर्षी सुमारे ३८ टक्के. उरलेली मुलं दुसऱ्याच्या फोनवर, म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या वयाने वावरतात.

या वयाने नेमकं काय बदलतं? पालकांना वाटतं त्याहून पुष्कळच. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये, जे २०१७ पासून आहे, पालक स्वतःच्या अकाउंटखाली मुलाचं अकाउंट उघडतात आणि त्याची जन्मतारीख देतात. एवढं झालं की कुठलंही वेगळं कुलूप न लावता काही गोष्टी होतात: क्रोममधला इन्कॉग्निटो मोड नाहीसा होतो, नवीन अ‍ॅप घ्यायचं तर आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर परवानगीची विनंती येते, आणि मुलाच्या आवडीनिवडी हेरून दाखवलेल्या जाहिराती थांबतात. आयफोनवर २०१८ पासून असलेलं स्क्रीन टाइम आणि त्याआधीपासूनचं फॅमिली शेअरिंग यांचंही सूत्र तेच. तिथे १३ वर्षांखालच्या मुलाच्या खरेदीला पालकांची संमती लागते. यूट्यूब किड्समध्ये चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे तीन थर आहेत, आणि चौथा मार्ग म्हणजे पालकांनी स्वतः निवडलेलेच व्हिडिओ. कंपन्यांना हे शहाणपण आपणहून सुचलं असा गैरसमज नको. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत यूट्यूब आणि गूगलला २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर मोजावे लागले, तेव्हा कुठे जानेवारी २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवरच्या पाळतीच्या जाहिराती आणि कॉमेंट बंद झाल्या. सांगायचा मुद्दा हा की मुलांसाठी बांधलेली एक वेगळी वाट, कितीही अपुरी असो, त्या यंत्रात आहे. तिच्या तोंडाशी एकच फलक आहे आणि त्यावर वय विचारलेलं आहे. १९८१ सालच्या जन्मतारखेने आत शिरलेल्या मुलाला ती वाट दिसतच नाही. मग पालक येतात आणि एकेक खिडकी हाताने बंद करू लागतात.

मग खरं वय सांगायला अडचण काय? सांगायला बसलं की कळतं. फॅमिली लिंक लावायला बसलेल्या पालकाचा निम्मा वेळ मुलाच्या अकाउंटमध्ये जात नाही, स्वतःचा गूगल पासवर्ड आठवण्यात जातो. तो दुकानदाराने फोन विकताना टाकून दिलेला असतो, किंवा मुलानेच टाकलेला असतो आणि मुलालाच पाठ असतो. ज्या घरात आईचा यूपीआय पिन, वडिलांचा पॅटर्न लॉक आणि आजीच्या पेन्शनचा ओटीपी हे सगळं सहावीतला मुलगा सांभाळतो, तिथे नियंत्रण कुणाचं कुणावर हा प्रश्नच आहे. म्हणून पहिलं सेटिंग पालकांच्या फोनमध्ये करायचं असतं: पासवर्ड बदलणं, आणि तो मुलाला न विचारता लक्षात ठेवणं. त्यापुढची अडचण जुन्या सवयीची आहे. सोयीची जन्मतारीख लिहिण्याची आपली परंपरा मोठी आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत साठी ओलांडलेल्या माणसांचे दाखले काढा, त्यांत १ जूनला जन्मलेल्यांची दाटी दिसेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. तिच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. फोनच्या फॉर्मवरही आपण तशाच निर्धास्तपणे पुढे जातो, ‘काहीतरी टाका, नाहीतर ते पुढे जाऊ देत नाही.’ फरक इतकाच की दाखल्यावरची १ जून कागदावर पडून राहायची. फोनमधली तारीख रोज कामाला येते, प्रत्येक व्हिडिओमागे एकदा.

मोठी खोटी तारीख पालकांची, तशी लहान खोटी तारीख मुलांची. इन्स्टाग्रामला किमान वय १३ लागतं. हा १३ चा आकडा मुलांच्या मानसशास्त्रातून आलेला नाही. १९९८ च्या अमेरिकी कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आवश्यक केली, आणि संमतीची झंझट टाळण्यासाठी जगभरच्या अ‍ॅपनी तो आकडा दारावर लावला. दहा वर्षांचं मूल दार उघडायला तीन वर्षं वाढवून सांगतं. हिशेब साधा आहे: दहाव्या वर्षी तेरा सांगणारं मूल पंधराव्या वर्षी त्या अ‍ॅपच्या लेखी अठराचं, म्हणजे प्रौढ होतं. २०२४ मध्ये जाहीर झालेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात आलेली इन्स्टाग्रामची टीन अकाउंट नेमकी १३ ते १७ वयासाठी आहेत. त्यांत अकाउंट आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसाला मेसेज धाडता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना वाजत नाहीत, आणि १६ वर्षांखालच्याला यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. ज्याला याची सगळ्यात जास्त गरज, त्याच मुलाने पाच वर्षांपूर्वी सांगितलेल्या एका थापेमुळे ते त्याला लागू होत नाही. कंपन्या आता वय ओळखण्याच्या युक्त्या लावतात म्हणे. लावोत. पण घरातल्या माणसांना जे वय माहीत आहे ते यंत्राने तर्काने शोधावं, ही काय व्यवस्था झाली?

या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप शिकलेल्या पालकांकडून येतो. मुलाचं खरं नाव, खरं वय परदेशी कंपनीच्या हवाली का करायचं? खोटी तारीख म्हणजे एक प्रकारचा पडदाच नाही का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण पडदा फक्त वयावर पडतो, वागण्यावर नाही. मूल काय बघतं, किती वेळ थांबतं, कुठे पुन्हा येतं ही माहिती तशीही गोळा होते, फक्त ती चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकाची म्हणून वापरली जाते, आणि प्रौढाच्या माहितीचं काय करायचं यावर बंधनं कमी आहेत. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्याला हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो, आणि मुलांबाबतची ही कर्तव्यं मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हे छत्र बालकासाठी आहे. कागदोपत्री जो बालकच नाही त्याच्या डोक्यावर ते कोण धरणार? आक्षेपातला खरा भाग मी मान्य करते. फॅमिली लिंकही एका कंपनीचंच आहे, आणि मुलाचं लोकेशन दाखवण्यासारख्या त्यातल्या सोयी गरज नसताना चालू करू नयेत. वय सांगणं म्हणजे सगळंच सांगणं नव्हे.

दुसरा आक्षेप मुलांच्या हुशारीचा. पोरं घड्याळ मागेपुढे करतात, फोन रीसेट मारतात, शेअरच्या बहाण्याने व्हॉट्सअ‍ॅपमधून लिंक उघडतात, कॅल्क्युलेटरसारख्या दिसणाऱ्या तिजोरीत फोटो लपवतात. हे होतं, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने मनावर घेतलं तर कुठलंच सेटिंग त्याच्यापुढे टिकत नाही. तरीही सात-आठ वर्षांच्या मुलाला यातलं फारसं काही जमत नाही, आणि तोच काळ महत्त्वाचा असतो. शिवाय आम्हाला दिसणाऱ्या बऱ्याच ‘फोडलेल्या’ कुलपांत फोडण्यासारखं काही नसतंच: अ‍ॅप लॉक नावाचं फुकट अ‍ॅप टाकलेलं असतं, फोन वडिलांच्याच नावावर असतो, आणि मुलाने ते अ‍ॅप नुसतं अनइन्स्टॉल केलेलं असतं. त्यात फोडलं काय? खऱ्या मर्यादा दुसरीकडे आहेत आणि त्या पालकांना आधीच सांगायला हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये काय चाललं आहे ते फॅमिली लिंकला दिसत नाही. एकदा मंजूर केलेलं अ‍ॅप अपडेटमध्ये रंग बदलतं, तेव्हा ते पुन्हा विचारत नाही. दिवाणखान्यातल्या स्मार्ट टीव्हीवरचं यूट्यूब वडिलांच्याच नावाने चालतं, आणि तिथे सगळी मेहनत वाया जाते. टीव्हीवरही मुलाचं प्रोफाइल वेगळं ठेवायला पाच मिनिटं लागतात, पण ते मागायला मात्र सहसा कुणी येत नाही.

एकाच फोनवर चालणाऱ्या घरात माझं म्हणणं लंगडं पडतं, हे कबूल करायला हवं. मुलाचं अकाउंट ज्या फोनवर मुख्य असेल तिथेच फॅमिली लिंक धड चालतं; आईच्या फोनवर संध्याकाळी तासभर बसणाऱ्या मुलासाठी आईचा फोन मुलाचा करता येत नाही. अशा घरात ओळख सेटिंगपेक्षा सवयीने द्यावी लागते. मुलाने बघायचं ते यूट्यूब किड्समध्येच, आणि फोन देताना ते अ‍ॅप पिन करून. अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे, आयफोनवर तिला गाइडेड अ‍ॅक्सेस म्हणतात. पैशाचं दार मात्र सगळ्यात आधी लावायचं: प्ले स्टोअरच्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड, पिन मुलाला माहीत असेल तर बदललेला, आणि यूपीआय लाइट बंद, कारण छोट्या रकमांना ते पिनही विचारत नाही. गेममधले डायमंड आणि रिडीम कोड हेच पालकांना लॅबपर्यंत घेऊन येणारं सगळ्यात मोठं कारण आहे. पोर काय बघतं यापेक्षा किती कापले गेले हे लवकर कळतं, बँकेचा मेसेज येतो म्हणून.

तिसरा आक्षेप म्हणतो, ही कटकटच नको, फोनच देऊ नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळा मार्ग काढला: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मला वडगावची युक्ती बांसीपेक्षा पुष्कळ शहाणी वाटते. एक तर भोंग्याला जन्मतारीख लागत नाही, तो आजोबांसाठी आणि नातवासाठी सारखाच वाजतो. आणि मोठ्यांनी स्वतः फोन खाली ठेवल्यामुळे मुलांचा ‘मग तुम्ही का बघता?’ हा बिनतोड प्रश्न उरत नाही. पण साडेआठला पुन्हा फोन हातात येतो, आणि दिवसाचे उरलेले साडेबावीस तास तो कुणाच्या नावाने चालतो हा प्रश्न तिथेही तसाच आहे. बांसीच्या ठरावात तर तो जास्तच टोकदार होतो. ज्या मुलाला फोनची परवानगीच नाही ते मूल फोन वापरेल तेव्हा दुसऱ्याचाच वापरेल, लपून वापरेल, आणि फोनच्या दृष्टीने ते पुन्हा एक प्रौढ गिऱ्हाईक असेल. ‘असर’च्या अहवालातली आणखी एक नोंद इथे आठवते: सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. राहिलेल्या ३८ टक्क्यांना ते कुणी शिकवायचं? ज्या घरात फोनच निषिद्ध, तिथे मूल अडचणीत सापडलं तर विचारायला येणार नाही.

काही पालक हळू आवाजात वेगळीच मागणी करतात: त्याला कळणार नाही असं काहीतरी टाकून द्या, ज्यातून त्याचे मेसेज माझ्या फोनवर दिसतील. अशी अ‍ॅप मिळतात. मी ती टाकून देत नाही. भाबडा विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाही. नऊ वर्षांच्या मुलावर लक्ष ठेवणं हे पालकांचं कामच आहे. पण जे पालक मुलाचं वय फोनपासून लपवतात, तेच स्वतःचं लक्ष मुलापासून लपवू बघतात, आणि दोन्हीकडे गोष्ट एकाच जागी बिघडते. फॅमिली लिंकमधली मला आवडणारी बाब ही की पालकांना काय दिसतं आणि काय बदलता येतं, हे मुलाला स्वतःच्या फोनवर वाचता येतं. म्हणून मुलाला घेऊन या, त्याच्यासमोर लावू, अशी माझी अट असते. मुलं कुरकुरतात, रात्रीची वेळ साडेनऊऐवजी दहा करून घेतात, एखादा गेम वाचवतात. ही घासाघीस झाली की ते सेटिंग बरेच दिवस टिकतं. गुपचूप लावलेलं सापडलं की आठवड्यात फोन रीसेट होतो.

खऱ्या तारखेचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. खऱ्या तारखेला वाढदिवस येतो. नऊला लावलेली मर्यादा बाराला सैल करायची, तेरानंतर मुलाचं म्हणणं जास्त ऐकायचं, सोळाला बरंचसं त्याच्या हाती द्यायचं, हे सगळं त्या तारखेवरून मोजता येतं. १९८१ मध्ये जन्मलेल्या मुलाचे निर्बंध कधी सैल करणार? ते एकतर कायमचे राहतात, नाहीतर एका भांडणात सगळेच उखडले जातात. मुलांनाही हे पटकन समजतं; अकाउंट उघडताना ‘मग तेराव्या वर्षी काय होणार?’ हा प्रश्न पालकांच्या आधी मुलंच विचारतात. पालक मात्र जन्मतारखेच्या चौकटीपाशी आले की अजूनही अडखळतात, बोट त्या सालांच्या यादीवर घुटमळतं, आणि ते मान वर करून विचारतात, ‘मॅडम, खरीच टाकायची का?’